एकविसाव्या पाकिटातली मेणबत्ती

"हर्षल, मठ्ठा पिऊ नको! ग्लास खाली ठेव!"

डिंपल एवढ्या जोरात ओरडली, की पंगतीतल्या चार-पाच पाहुण्यांनीही हातातले ग्लास खाली ठेवले. एका आजोबांनी तर घाबरून तोंडातला घोट परत ग्लासात सोडला!

"काऊन? काय झालं मठ्ठ्याले?" हर्षलनं विचारलं. त्याला पांढऱ्या मिशा आधीच फुटल्या होत्या.

"मठ्ठ्याले काही नाही झालं. तो कायच्यातून काढून राह्यले ते पाह्य!"

मांडवाच्या कोपऱ्यात एक भलामोठा निळा डबा होता. आत बर्फ, बर्फावर मठ्ठ्याची पातेली. वाढपी त्यातून जग भरभरून नेत होते. डब्यावर चिकटवलेला कागद डिंपलनं मोठ्यानं वाचला, "मातीचे नमुने. बर्फात ठेवावेत. या पेटीत खाण्यापिण्याचे पदार्थ ठेवू नयेत!"

"म्हणूनच इतका थंडगार हाय!" प्रसेनजित म्हणाला. त्याचा हा तिसरा ग्लास होता. "माती-बिती काही लागली नाही बे. मी तं अजून एक घेतो."

"मठ्ठ्याचं जाऊ दे," कमरेवर हात ठेवून डिंपल म्हणाली. "बर्फाच्या पेटीत मठ्ठा हाय, तं मंग माती कुठी हाय?"

हर्षलचा घास हातातच राहिला.

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का होता, ते कळायला एक दिवस मागं जायला हवं. तेरा वर्षांचा हर्षल आणि त्याची दहा वर्षांची बहीण डिंपल बुलढाण्याहून मे महिन्याच्या सुट्टीत अमडापूरला आले होते, वडिलांच्या थोरल्या भावाकडे. थोरले काका म्हणजे उकंडराव, मोठेबाबा. आणि काकू म्हणजे मनकर्णाबाई, यांची मोठी माय. प्रसेनजित शेजारचाच. हर्षलच्या वयाचा, आणि विज्ञानाच्या पुस्तकातले प्रयोग घरी करून आईची भांडी काळी करण्यात पटाईत.

अमडापूरच्या शिवारात त्या वर्षी विद्यापीठाच्या राखीताई मातीचा अभ्यास करत होत्या. पाऊस आता लहरी झालाय. महिनाभर दडी मारतो आणि एका दुपारी महिन्याचा सगळा पाऊस ओतून जातो. अशा दिवसांत कुठली जमीन तग धरते आणि त्यात मातीतले डोळ्यांना न दिसणारे जिवाणू काय काम करतात, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी त्यांनी वीस शेतं निवडली होती. शेतातून वीतभर खोलीवरची माती काढायची, पाकिटात भरायची आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची, हे काम गावातल्या गजेंद्रभाऊंकडे दिलं होतं.

सात नंबरचं शेत मोठ्या मायचं. दोन एकर. पाच वर्षांपासून तिनं त्यात नांगर घातला नव्हता की काडी पेटवली नव्हती. पीक निघालं की मुळं जमिनीतच ठेवायची आणि वरून सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, पसरायचं. आख्खं गाव हसायचं. शेजारीच उकंडरावांचे चार एकर. नांगरून, धसकटं जाळून अगदी स्वच्छ! मागच्या वर्षी पावसानं तीन आठवडे खंड दिला तेव्हा मोठ्या मायची तूर उभी राहिली आणि उकंडरावांची वाळली. पण उकंडराव म्हणाले, "नशीब!"

उकंडरावांचा विश्वास फक्त कागदावर. पेपरात पावसाचा अंदाज छापून आला, तर कडक उन्हातही छत्री घेऊन निघणारा हा माणूस! त्यांनी मोठ्या मायला सांगून टाकलं होतं, "मॅडमचा कागद येऊ दे. चांगला आला तं माह्ये चार एकरही तुह्यासारखे करीन. खराब आला तं तुह्या दोन एकरात नांगर घालीन. मंजूर?"

"मंजूर," मोठी माय म्हणाली होती.

आणि गुरुवारी कागद आला. 'नमुना क्रमांक ७. सूक्ष्मजीव अत्यल्प.'

उकंडरावांनी तो दोनदा वाचला, नीट घडी घालून खिशात ठेवला आणि शालिग्राम ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. रविवारी सकाळी नांगरटी!

मोठी माय शेतात गेली आणि बांधावर बसून राहिली. डिंपल तिच्या मागोमाग गेली. ऊन असं, की चपलेतून पाय भाजत होते. मोठ्या मायनं तिचा हात धरला आणि कुटाराखाली, मातीत घातला.

"कसं लागते?"

"थंडगार!"

"पाच वर्षं लागले वं पोरी हे कराले. नांगर एका दिवसात मोडून टाकते." एवढं बोलून तिनं पदर डोळ्यांना लावला. डिंपललाही रडू आलं. मोठ्या मायला रडताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

तर अशी ही गोष्ट. म्हणूनच शुक्रवारच्या लग्नात तो निळा डबा दिसताच डिंपलनं पंगत डोक्यावर घेतली होती.

लग्न गजेंद्रभाऊंच्या चुलतभावाचं. डबा त्यांनीच आणला होता आणि वाढप्याला बजावत होते, "डबा जपून बरं! उद्या देऊळघाटच्या लग्नाले जाते. पण रविवारी सकाळी माह्या घरी पाह्यजे. दहाले मॅडम येणार हायेत."

"आयकलं?" हर्षल कुजबुजला. "चला, यायच्या घरामागं!"

गजेंद्रभाऊंच्या घरामागं मोठा कडुनिंब होता. प्रसेनजित लग्नाच्या नव्या पँटसकट झाडावर चढला, फांदीवरून सरकत टिनांच्या छपराशी पोचला आणि ओरडलाच, "सापडली!"

"हळू बे! काय दिसते?"

"पाकिटं! टिनावर वाळत घातली, कुरड्यावानी! अकरा, बारा, तेरा... वीसपर्यंत हायेत. आई गं!" त्यानं टिनाला लावलेला हात झटक्यात मागं घेतला. "पापड ठेवला तं भाजून निघंल!"

हर्षलनं बोटांवर हिशेब केला. "मंजे तपासाले गेलेले पहिले दहा पाकिटंही असेच वाळवले असतीन. त्यात सातवं मोठ्या मायचं! जीव मोजायचे होते, अन् यायनं ते आधीच भाजून पाठवले!"

"पण गजूभाऊ असे काऊन करतीन?" डिंपलला कळेना. गजेंद्रभाऊ काही वाईट माणूस नव्हते. भेटले की गोळ्या द्यायचे.

उत्तर प्रसेनजितच्या वडिलांकडून मिळालं. गजेंद्रभाऊ पूर्वी खताच्या दुकानासाठी मातीचे नमुने आणायचे. खतं किती घालायची ते ठरवणाऱ्या त्या तपासणीला माती वाळवूनच द्यावी लागते. त्यामुळे 'माती ती माती' असं म्हणत त्यांनी जुनीच पद्धत चालू ठेवली होती, आणि रिकामी पेटी लग्नाघरी फिरत होती!

हर्षल धावत उकंडरावांकडे गेला. सगळं ऐकून त्यांनी खिशावर हात ठेवला.

"हा कागद मॅडमच्या सहीचा हाय. तुमच्याजवळ कोणता कागद हाय?"

"कागद नाही, पण आमी डोळ्यानं पाह्यलं!"

"उद्या म्हणशीन, चंद्रावर म्हैस पाह्यली!" उकंडराव म्हणाले आणि हात धुऊन जेवायला बसले.

मग बांधावर तिघांची बैठक बसली.

"ताईले फोन करू," डिंपल म्हणाली. "पेटीवर नंबर होता."

"अन् गजूभाऊ म्हणतीन, बर्फातच होती," हर्षल म्हणाला. "रविवारी ताई येतीन तवा पेटी बर्फानं भरलेली राहीन, पाकिटं गार राहतीन. कोणाले पटंल आपलं?"

प्रसेनजित काडीनं दात कोरत बसला. एकाएकी डिंपल उठून उभी राहिली.

"वितळलेली वस्तू पुन्हा बर्फात ठेवली तं ती पह्यल्यासारखी होते का?"

"नाही. तशीच वाकडीतिकडी गोठते. काऊन?"

"माह्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या उरल्या हायेत. लाल!"

दोघा मुलांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अबे, ही आपली लहान हाय ना?" प्रसेनजित म्हणाला.

शनिवारी सकाळी गजेंद्रभाऊंच्या दारात तीन साळसूद चेहरे उभे होते. हर्षलच्या हातात चिकटपट्टीनं घट्ट बंद केलेलं पाकीट. त्यावर ठळक आकडा, २१. आत मोठ्या मायच्या शेतातली माती आणि मातीत एक सरळ, लाल मेणबत्ती.

"गजूभाऊ, मोठ्या मायच्या वावराची माती पुन्हा एकदा मॅडमले द्याची हाय. फोडू नका हं. बर्फात ठेवान ना?"

"बर्फातच!" गजेंद्रभाऊंनी छाती ठोकली. "माह्याकडची माती कुलूमनालीले राह्यते, असं समजा! चिंता नोका करू पोट्टेहो!"

पोरं कोपऱ्यावर वळतात न वळतात, तोच टिनावर काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. एकविसावं पाकीट कुलूमनालीला पोचलं होतं!

"झालं गजूभाऊचं," हर्षल म्हणाला. "पण ट्रॅक्टर आठले येते अन् ताई दहाले! मधले दोन घंटे काय कराचं?"

आता प्रसेनजितची पाळी होती. "मातीतले जीव श्वास सोडतात ना? अन् श्वासानं चुन्याची निवळी पांढरी होते. वर्गात नळीनं फुंकून केली होती आपण! मंग माती फुंकीन!"

"माती कशी फुंकीन बे?"

"बरणीत कोंडली की फुंकीन!"

लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या धुऊन निघाल्या. एकीत मोठ्या मायची माती, दुसरीत मोठेबाबांची. दोन्हीला मोजून चार-चार चमचे पाणी. तिसरी बरणी रिकामी ठेवायची, असा हट्ट हर्षलनं धरला. "नाहीतं मोठेबाबा म्हणतीन, हवेनंच पांढरं झालं!" प्रत्येक बरणीत निवळीची एकेक वाटी अलगद ठेवून झाकणं घट्ट लावली. चुना कुठून आणला? उकंडरावांच्या तंबाखूच्या डबीतून! त्या संध्याकाळी ते चुना शोधत घरभर फिरत होते आणि तीन मुलं अतिशय मन लावून पाढे म्हणत होती.

रविवारी आठ वाजायच्या आधीच शेताच्या कडेला धडधड ऐकू आली. शालिग्रामकाका ट्रॅक्टर घेऊन हजर! मागं नांगराचे लखलखीत फाळ. उकंडराव खिशातल्या कागदासह उभे. मोठी माय बांधावर बसलेली, तोंड फिरवून.

"बरण्या आणा! पळा!" असं म्हणून डिंपल थेट ट्रॅक्टरपुढे गेली. "शालिग्रामकाका, किती मस्त ट्रॅक्टर हाय हो! हा दांडा कायचा?"

"हा? हा नांगर उचलाचा."

"अन् हा?"

"गिअर."

"अन् हे गोल गोल?"

शालिग्रामकाकांना आजवर कुणी एवढ्या आपुलकीनं विचारलं नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं, गमछ्यानं हात पुसले आणि पुढच्या चाकापासून सुरुवात केली. ते मागच्या चाकापर्यंत पोचले तेव्हा हर्षल आणि प्रसेनजित बरण्या छातीशी धरून, एकही वाटी न हिंदकळू देता आले होते.

"मोठेबाबा, नांगर घालाच्या आधी हे पाहा!"

उकंडरावांनी चष्मा पुसला. रिकाम्या बरणीतली निवळी जवळजवळ पाण्यासारखी स्वच्छ. त्यांच्या स्वतःच्या मातीच्या बरणीत जेमतेम धुरकट. आणि मोठ्या मायच्या बरणीतल्या वाटीवर पांढरीशुभ्र साय!

"श्वासानं निवळी अशी पांढरी होते," प्रसेनजित एका दमात म्हणाला. "जितके जीव जास्त, तितका श्वास जास्त. मोठ्या मायची माती जिती हाय! तुमची... तुमचीही हाय. पण कमी."

"माह्यी इतकीच?" उकंडरावांचा आवाज उतरला. मग त्यांनी वाटीकडे निरखून पाहिलं. "हा चुना कोणाचा?"

"तुमचाच," डिंपल म्हणाली.

ट्रॅक्टर पाहून बांधावर जमलेली मंडळी खो खो हसली. पण उकंडराव हसले नाहीत. त्यांनी खिशातला कागद काढला. "हे पोरायचे खेळ हायेत. अन् हा विद्यापीठाचा कागद हाय. शालिग्राम, चालू कर!"

तेव्हा मोठी माय उठली. सावकाश चालत आली आणि फाळांपुढे, कुटारावर उभी राहिली.

"मॅडम दहाले येणार हायेत. मी पाच वर्षं थांबली. तुमी दोन घंटे थांबा."

तिचा आवाज चढला नव्हता. पण शालिग्रामकाकांनी किल्ली काढून सरळ खिशात टाकली. उकंडराव बांधावरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले.

दहाच्या ठोक्याला धुरळा उडवत जीप आली. राखीताई उतरल्या आणि आधी मोठ्या मायकडेच आल्या. "काकू, तुमचा अहवाल बघून मलाच धक्का बसला. म्हटलं, आपण स्वतः जाऊन शेत पाहावं." मागोमाग निळी पेटी घेऊन गजेंद्रभाऊ. नुकतीच पुसून लख्ख केलेली!

"नमुने बर्फात होते ना?" ताईंनी विचारलं.

"सारा वेळ बर्फातच, मॅडम! हात लावून पाहा!"

ताईंनी झाकण उघडलं. बर्फच बर्फ! पाकिटं थंडगार. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि मोजायला लागल्या. "अकरा, बारा... वीस... एकवीस? शेतं तर वीसच आहेत!"

"एकविसावं आमचं हाय!" तिघं एकदम ओरडले. "ताई, फोडा ना! आत्ता! सगळ्यायपुढं!"

ताईंनी चिकटपट्टी कापली आणि माती कागदावर ओतली. खडखडीत कोरडी माती. आणि मातीत एक लालभडक, चपटा, वेडावाकडा गोळा. त्यातून शेपटीसारखी वात बाहेर आली होती.

"ही काल सकाळी सरळ मेणबत्ती होती," डिंपल म्हणाली. "गजूभाऊ, बर्फात मेणबत्ती कशी वितळली हो?"

गजेंद्रभाऊंनी बर्फाकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. कुठूनही मदत आली नाही.

"टिनावर होती, मॅडम," ते अखेर म्हणाले. "पह्यलेच्या तपासणीले वाळवूनच देत होतो ना जी. मले वाटलं, माती ते काय नासणार हाय? अन् लग्नसराईत पेटीले लय मागणी..."

"पहिले दहा नमुनेही?"

"हाव," ते चपलेकडे बघत म्हणाले. "काकू, माह्यं चुकलं. तुमच्या वावराचं लय वाईट झालं असतं."

राखीताईंचा चेहरा लाल झाला होता. "चूक तुमची एकट्याची नाही. पेटी दिली, पण ती का दिली हे मीच नीट सांगितलं नाही. उकंडराव, तो कागद रद्द समजा. सगळ्या वीस शेतांची माती मी आज स्वतः काढणार!"

उकंडराव कडुनिंबाखालून उठून आले. कागद त्यांच्या हातातच होता. ते काही सहजासहजी ऐकणारे नव्हते. "एक सांगा मॅडम. ऊन तं वावरातही हाय. टिनावर जीव मरते, मंग वावरात काऊन मरत नाही?"

ताई उत्तर देणार, तेवढ्यात डिंपलनं उकंडरावांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत नेलं. आधी त्यांच्याच उघड्या, नांगरलेल्या शेतात. "इथं हात ठेवा."

"अरे, चटका बसते ना!"

"आता इथं." तिनं बांध ओलांडून मोठ्या मायच्या शेतातलं कुटार बाजूला केलं आणि त्यांचा हात मातीत सरकवला.

उकंडराव उकिडवे बसले ते बसलेच. त्यांनी बोटं आणखी खोल घातली. मूठभर माती काढली, नाकाशी नेली. पाच वर्षं शेजारच्या बांधावरून ते हे शेत बघत होते, पण त्याला हात त्यांनी आज पहिल्यांदा लावला होता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि ती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसली.

"शालिग्राम," ते म्हणाले, "ट्रॅक्टर घरी ने."

"पण मोठेबाबा, नवा कागद अजून यायचा हाय!" हर्षल म्हणाला.

"कागद येईन तवा येईन." उकंडरावांनी हातातल्या कागदाचे चार तुकडे केले. "मले आता वाचता आलं."

मग काय! प्रसेनजितनं शिट्टी मारली, हर्षलनं टोपी उडवली आणि शालिग्रामकाकांनी एवढा लांब हॉर्न वाजवला, की झाडावरची पाखरं उडाली. मोठ्या मायनं तिन्ही मुलांना एकदम कवेत घेतलं. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

त्या दिवशी तिघांनी राखीताईंबरोबर वीस शेतं पालथी घातली. पेटी उचलायला स्वतः गजेंद्रभाऊ होते, आणि दर अर्ध्या तासानं तेच विचारत होते, "बर्फ पुरते ना जी?"

आठ दिवसांनी नवा अहवाल आला. वीस शेतांत सर्वांत जास्त जिवाणू सात नंबरला! राखीताईंनी खाली लिहिलं होतं, 'नमुन्यांतली चूक हर्षल, डिंपल आणि प्रसेनजित यांनी शोधून काढली. त्यांच्यामुळे या वर्षीचा सगळा अभ्यास वाचला. पुढच्या वर्षी नमुने काढताना हे तिघे आमच्याबरोबर असतील.' उकंडरावांनी हा मजकूर पारावर उभं राहून वाचला, तोही दोनदा. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांच्या कानाशी जाऊन तिसऱ्यांदा!

"पोरायनं नाव काढलं," शालिग्रामकाका म्हणाले. "माह्या एका दिवसाच्या भाड्यावर पाणी पडलं, पण नाव काढलं!"

मुलं पेढे घेऊन शेतात धावली. "मोठी माय, तुह्या मातीचा पहिला नंबर आला!"

"मले ते मालूम होतं," ती म्हणाली. "तुमाले अन् त्यायले मालूम झालं, याचा मले आनंद हाय." आणि तिनं हातानं पलीकडे दाखवलं.

पलीकडे, चार एकरांच्या उघड्या शेतात, उकंडराव डोक्यावरचं कुटाराचं गाठोडं उतरवत होते.

"अवो, पातळ नोका पसरू!" मोठी माय बांधावरून ओरडली. "चार बोटं जाड पाह्यजे!"

"हाव, हाव!" उकंडराव म्हणाले, आणि पसरलेलं कुटार पुन्हा गोळा करू लागले.